खुराड्यातला जावई

मी बसवलेलं कुलूप आजवर एकाही चोराला उघडता आलेलं नाही! ही बढाई नव्हे, वस्तुस्थिती आहे. अख्खी नोकरी मी बँकांच्या तिजोऱ्या आणि सोनारांची शटरं बंदोबस्तात ठेवण्यात काढली. माझ्या कुलपापुढे भलेभले हात टेकून गेलेत. आता, क्वचित कधी ज्याचं कुलूप त्यालाही ते उघडलं नाही, आणि एका सोनाराला ऐन गर्दीच्या दिवशी स्वतःच्याच दुकानासमोर स्टूल टाकून बसावं लागलं, हे खरं. पण तो वेगळा विषय! आत कुणी शिरलं नाही ना? मग झालं तर!

म्हणूनच आमच्याकडे कोंबड्या येणार हे कळल्यावर जो तो "सांभाळा हो, कोल्हा नेतो" असं म्हणायला लागला, तेव्हा मला हसू आलं. कोल्हा! ज्याला धड स्क्रू-ड्रायव्हर धरता येत नाही, तो प्राणी माझ्याशी टक्कर घेणार?

"पण त्याला दुसरं कामच नाही," बायको म्हणाली. "तो दिवसभर तेवढाच विचार करणार. तुम्ही मधे चहाला उठता, पेपर वाचता, डुलकी काढता."

बायको शाळेत गणित शिकवते. समोरच्याची वजाबाकी करण्यात तिचा हातखंडा आहे.

कोंबड्या ही कल्पना तिचीच. मी निवृत्त झाल्यावर आम्ही शहराबाहेर जरा मोकळ्यावर घर घेतलं. चारी बाजूंनी आवार, आवाराला झुडपांचं कुंपण, आणि मागे उतारावर नुसतं रान. मग तिचे बाबा आमच्याकडे राहायला आले. आले म्हणजे आम्हीच आणले. सासूबाई गेल्यानंतर ते शहरातल्या घरी एकटेच होते आणि एकदा पडले. हाड शाबूत राहिलं, पण बायकोची झोप उडाली.

सासऱ्यांनी जन्मभर लांब पल्ल्याचे ट्रक चालवले होते. एकदा निघाले की महिना महिना रस्त्यावर. आता ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून त्याच रस्त्याकडे बघत. बोलणं जवळजवळ बंद. काही विचारलं की "हं". चहा घेणार? हं. जेवण वाढू? हं. बाबा, मागच्या खोलीला आग लागलीय असं सांगितलं असतं, तरी "हं"च आलं असतं! बायकोने शब्दकोडी आणली, कुंड्या आणल्या, नवा रेडिओ आणला. सगळ्याला एकच उत्तर.

शेवटी तिच्या शाळेतली एक शिक्षिका गाव सोडून चालली होती, तिच्या कोंबड्या हिने मागून घेतल्या. मागच्या सीटवर खोकी ठेवून मी त्या घरी आणल्या. गाडीत तो वास अजून आहे. खोकी आवारात उतरवली, तसे सासरे खुर्चीतून उठले, काठी टेकत आले, वाकून आत बघितलं आणि म्हणाले, "ह्यांना वाटेत पाणी पाजलं होतंत का?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. कित्येक महिन्यांतलं त्यांचं ते पहिलं अख्खं वाक्य होतं! बायको आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला. सासरे सकाळी सगळ्यांच्या आधी उठून दाणे टाकायला लागले. त्यांनी कोंबड्यांना नावं दिली. मान ताठ करून सगळ्यांवर नजर ठेवणारी ती हेडमास्तरीण. दाणे टाकले की आधी दुसरीच्या अंगावर धावणारी ती वकीलबाई. आणि एक तांबूस, जरा बुटकी कोंबडी सासरे खुर्चीत बसले रे बसले की येऊन त्यांच्या पावलावर फतकल मारून बसायची. ती उठेपर्यंत हे पाय हलवायचे नाहीत. मुंग्या आल्या तरी! तिचं नाव चिकटी.

आणि नेमकी चिकटीच गेली.

भर दुपारी गेली. मी डुलकी काढत होतो. मागच्या कुंपणापाशी एकदाच फडफड झाली म्हणे. सासरे काठी घेऊन पोचेपर्यंत तिथे फक्त पिसं. त्यांनी ती वेचली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि येऊन खुर्चीत बसले.

"बाबा, जेवता ना?" बायकोने विचारलं.

"हं," ते म्हणाले. आणि जेवले नाहीत.

आता मात्र माझ्यातला कुलूपवाला पेटून उठला! मी बायकोला म्हटलं, "असं खुराडं बांधतो की कोल्हा काय, कोल्ह्याचा आत्माही आत शिरणार नाही!"

"आत्म्याचं राहू द्या, कोल्ह्याचं बघा," ती म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता.

खुराडं कसलं, किल्लाच तो! लोखंडी नळ्यांची चौकट. जमिनीखाली गुडघाभर पुरलेली जाळी, म्हणजे कुणाला उकरून यायचं असेल तर थेट पाताळातूनच यावं लागेल. वरूनही जाळी, ससाण्यासाठी. आणि जाळी अशी बारीक की माझी करंगळीसुद्धा जाणार नाही. आत माणूस उभा राहील एवढी उंची. दाराला तिजोरीच्या जातीचं कुलूप, जे नुसतं लोटलं की आपोआप बसतं आणि बाहेरून किल्लीनेच उघडतं.

शेजारच्या दाताच्या डॉक्टरीणबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. "काय हो, कैदी कधी येणार?" त्यांनी विचारलं.

ह्या बाईंकडे एक कुत्रा आहे. हवालदार. आडदांड, घोगऱ्या आवाजाचा. जाळी ठोकता ठोकता माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. तो आमच्या कोंबड्यांकडे एकटक बघत होता आणि त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोल्हा कोल्हा करतोय आपण, पण कोल्ह्याला पाहिलंय कुणी?

"बाई," मी म्हटलं, "त्या दुपारी तुमचा हवालदार कुठे होता?"

"म्हणजे?"

"म्हणजे चौकशी. संशयितांची."

बाई लाल झाल्या. त्यांनी हवालदाराला गळ्यातल्या पट्ट्याला धरून कुंपणापाशी आणलं, पेशंटला सांगावं तसं "आ कर" म्हणाल्या आणि त्याचा जबडा माझ्या नाकासमोर फाकला. आत नुसत्या गुलाबी हिरड्या! मऊ, स्वच्छ, लहान बाळासारख्या.

"एकही दात नाही. मीच काढलेत सगळे," बाई म्हणाल्या. "ह्याला मी भात कुसकरून भरवते. हा तुमची कोंबडी कशी नेणार? चोखून?"

हवालदाराने माझा हात चाटला. लाळेचं कोडं सुटलं, पण शेजार तुटला. बाईंनी आमच्याकडे बघणं सोडलं. बायकोची अक्कलदाढ त्यांच्याकडे अर्धी भरून ठेवलेली होती, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात फारच गंभीर झाला.

इतक्यात मला आणखी एक सुधारणा सुचली. दार संध्याकाळी आठवणीने बंद कोण करणार? माणूस विसरतो. यंत्र विसरत नाही! माझ्याकडे जुन्या कामातला उजेड ओळखणारा एक सेन्सर पडून होता. तो मी खुराड्याच्या डोक्यावर बसवला. दिवसा दार एका आकड्याला अडकून उघडं राहणार, कोंबड्या आवारात फिरणार. उजेड उतरला की कोंबड्या सवयीने आपणहून आत जातात. त्या गेल्या, अंधारलं, की जरा वेळाने आकडा सुटणार, स्प्रिंग दार ओढणार आणि खट्! कुलूप! संध्याकाळी मी सगळ्यांना बोलावून प्रयोग दाखवला. खट् झालं. मी टाळ्यांची वाट बघितली.

सासरे बराच वेळ त्या दाराकडे बघत होते. "ह्यांना आत यायला उशीर झाला तर?" त्यांनी विचारलं.

"होणार नाही!" मी म्हटलं. "शिस्त लागेल!"

"हं," ते म्हणाले.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणून मी आणि बायको एका दुपारी डॉक्टरीणबाईंची माफी मागायला त्यांच्याकडे गेलो. बायकोने घरची अंडी घेतली होती, मी चेहरा पाडून घेतला होता. बाईंनी बसा म्हटलं. मी हवालदाराची माफी मागितली. तो झोपला होता. पण बाई विरघळल्या, बायकोची दाढ बघायला तयार झाल्या, आणि ती "आ" करून बसलेली असताना खोलीत हळूहळू इतका अंधार दाटला की बाईंना दाढच दिसेना.

"दिवा लावते," बाई म्हणाल्या. "आभाळ भरून आलं वाटतं."

मी सहज खिडकीतून बघितलं. काळेकुट्ट ढग! भर दुपारी दिवेलागणीसारखं झालेलं. मी ताडकन उठलो.

"दार!" मी ओरडलो.

"उघडंच आहे, लोटून घ्या," बाई म्हणाल्या. पण तोवर मी कुंपणातून आमच्या आवारात शिरलो होतो. मागोमाग बायको, तोंडात कापूस.

आवारात एकही कोंबडी नव्हती. खुराड्याचं दार बंद. म्हटलं, वा! गेल्या वाटतं सगळ्या आत. शिस्त! मी जाळीला नाक लावून आत बघितलं. आतून दोन पिवळे डोळे माझ्याकडे बघत होते.

कोल्हा! माझ्या खुराड्यात! कुलूपबंद!

"कोंबड्या?" बायको कापसातून ओरडली. "बाबा?"

घराचं दार उघडं होतं. आम्ही आत धावलो. दिवाणखान्यात सगळ्या कोंबड्या! सोफ्यावर, टीपॉयवर, वह्यांच्या गठ्ठ्यावर, आणि वकीलबाई माझ्या निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या घड्याळावर. मधोमध सासरे उभे. केस विस्कटलेले, शर्टाला पिसं, काठीचा पत्ता नाही. आणि चेहरा असा उजळलेला, की मी त्यांना ओळखलंच नाही क्षणभर.

"आला होता," ते धापा टाकत म्हणाले. "मी बघितलं. तो सरळ खुराड्यात शिरला, अंडी हुंगत. ह्या सगळ्या बाहेर. तेवढ्यात अंधारून आलं आणि तुमचं दार लागलं. ह्या आत जायला निघाल्या तर दार बंद. तिथेच घोळका करून उभ्या. मी एकेकीला उचलून आणलं. दोन दोन बगलेत!"

"तुम्ही धावलात, बाबा?" बायकोचा चेहरा पांढरा पडला.

"थोडा," ते म्हणाले.

बायकोने दारं-खिडक्या बंद केल्या आणि मला सांगितलं, "तुम्ही त्या कोल्ह्याचं बघा. मी ह्यांचं बघते. आणि लवकर!" त्याच वेळी घड्याळ खाली पडलं.

मी मोरीतला लांब दांड्याचा झाडू घेतला आणि रणांगणावर गेलो. किल्ली लावली, दार उघडलं, आकड्याला अडकवलं आणि बाजूला उभा राहून म्हटलं, "जा!"

कोल्हा गेला नाही. मी "हुश!" केलं, झाडू आपटला, गोड बोललो. तो अंडी घालायच्या पेट्यांच्या मागे अंग चोरून बसला होता. जवळून बघितलं तेव्हा कळलं, तो नव्हे, ती. कोल्हीण. अगदी सुकलेली, बरगड्या दिसत होत्या, आणि पोटाखालच्या आचळांवरून स्पष्ट कळत होतं की मागे कुठेतरी पिल्लं आहेत. थरथरत होती. इतके दिवस मी ज्या शत्रूशी मनातल्या मनात लढत होतो तो निदान वाघाएवढा होता. ही तर शेजारच्या हवालदाराच्या निम्मीही नव्हती. मला एकदम हातातल्या झाडूची लाज वाटली.

पण तिला घालवायला तर हवंच होतं. मी आत शिरलो. वळसा घालून पेट्यांच्या मागे गेलो आणि झाडूचा दांडा हळूच पुढे केला. ती उसळली, माझ्या दोन पायांमधून बाणासारखी निघाली, आणि मी तोल सावरतोय तोवर दाराबाहेर! सुटली! मी आनंदाने झाडू वर केला.

खट्!

ढग अजून होतेच. माझं यंत्र त्याचं काम चोख करत होतं.

दार हलवून बघितलं. हलेना. मी बसवलेलं कुलूप! किल्ली माझ्या खिशात, किल्लीचं भोक बाहेरच्या बाजूला, आणि मधे करंगळी न जाणारी जाळी. किल्ली जाळीतून सारून बघितली. दातांपर्यंत गेली आणि डोक्यापाशी अडली. फोन सोफ्यावर, बहुधा एखाद्या कोंबडीखाली. मी बायकोला हाका मारल्या. घरातून उत्तर म्हणून नुसता कलकलाट येत होता. कोल्हीण कुंपणापाशी थांबली, मागे वळून माझ्याकडे नीट बघितलं आणि निघून गेली.

जरा वेळाने व्हरांड्याकडून सासरे आले.

"बाबा! बरं झालं आलात! जरा हिला बोलवा."

"ती कोंबड्या धरतेय. हेडमास्तरीण पंख्यावर जाऊन बसलीय."

"मी अडकलोय."

"दिसतंय."

"किल्ली माझ्याकडे आहे, पण जाळीतून जात नाही."

त्यांनी जवळ येऊन जाळीला बोट लावून बघितलं. "फार बारीक आहे," ते म्हणाले.

"हो."

"चांगलं काम केलंत."

आणि निघून गेले! मला वाटलं, बायकोला आणायला गेले. पण ते परत आले ते खुर्ची ओढत. व्हरांड्यातली खुर्ची. ती त्यांनी बरोबर माझ्या समोर, जाळीपासून हातभर अंतरावर मांडली आणि बसले.

"बाबा, बसताय काय?"

"धावलोय ना आज. दम लागलाय." मग जरा थांबून, "आत कसं वाटतं?"

"कसं म्हणजे? ठीक आहे. भक्कम आहे."

"हं."

आभाळातून थेंब काही पडत नव्हता. नुसतं भरून राहिलं होतं. मी अंड्यांच्या पेट्यांवर टेकलो. सासरे आणि मी असे समोरासमोर कधी बसलोच नव्हतो. एरवी ते रस्त्याकडे बघत आणि मी काहीतरी दुरुस्त करत असे.

"जावईबापू," ते म्हणाले, "एक बोलू का? रागावणार नाही ना?" मग कुलपाकडे बघून म्हणाले, "तसं रागावलात तरी आत्ता कुठे जाणार म्हणा."

"बोला ना."

"बाथरूमची आतली कडी तुम्ही काढलीत."

"तुम्ही आत पडलात तर आम्हाला दार उघडता यावं म्हणून, बाबा."

"माहीत आहे. चांगल्यासाठीच काढलीत. पण मी आता आंघोळ करताना एक पाय दाराला लावून बसतो. कुणी आलं तर कळावं म्हणून. आणि दुसऱ्या पायावर तोल सांभाळत साबण लावतो." ते थांबले. "पडायची भीती मला तेव्हाच जास्त वाटते."

मला ते चित्र दिसायला लागलं होतं.

"फाटकालाही कुलूप आहे," ते म्हणाले.

"तुम्ही चुकून रस्त्यावर जाऊ नये..."

"चुकून? जावईबापू, मी उभा जन्म रस्त्यावर काढला. घाट बघितले, वाळवंट बघितलं, धुक्यात समोरचं बॉनेट दिसत नाही असे दिवस काढले. रस्त्यावर मी चुकून कधीच गेलो नाही. ठरवूनच गेलो."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"कुणाला बोलू? तिला काही म्हटलं की ती रडते. तुम्हाला काही म्हटलं की तुम्ही हत्यारांची पेटी आणता."

हसू आलं मला. त्यांनाही आलं. मी आयुष्यभर एकच विचार करत आलो होतो, की आत कोण येईल. आत जो आहे त्याला कसं वाटत असेल, हे विचारायचं कधी कामच पडलं नव्हतं. तिजोरीतलं सोनं तक्रार करत नाही.

"चिकटी गेली ना," सासरे म्हणाले, "तेव्हा दोन दिवस मला वाटत होतं, मीच तिला मोकळी सोडली, माझीच चूक. पण त्या दुपारी ती समोर मातीत लोळत होती. पंख पसरून, डोळे मिटून. इतकं सुखात असलेलं मी कुणाला बघितलं नव्हतं बऱ्याच दिवसांत." त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "मी म्हणत नाही खुराडं नको. त्या कोल्ह्याला मी पण घाबरतो. आज तर फारच घाबरलो. पण दिवसा मोकळं असू द्या. मी बसतो ना लक्ष ठेवायला. मला काय काम आहे दुसरं?"

"आणि बाबा, तुम्ही खरंच आत पडलात तर? कडी लावलेली असताना?"

"तर ओरडेन."

"आणि ओरडता आलं नाही तर?"

उगाच धीर देण्यापुरतं काही बोलायचं नव्हतं त्यांना. म्हणाले, "तर दार तोडा. आणि मी गेलेलो असेन तर निदान दार लावून गेलो असं होईल."

मी मान खाली घातली. खाली फुटून चेंदामेंदा झालेलं एक अंडं होतं. मग म्हटलं, "आजच बसवतो कडी. फाटकाची एक किल्ली तुमच्याकडे ठेवा."

"शब्द?"

"शब्द."

ते उठले, खुराड्याला वळसा घालून माझ्या पाठीमागे गेले आणि मी ज्या पेट्यांवर टेकलो होतो त्यांच्या मागून आवाज आला. कट्. एक छोटं झाकण उघडलं आणि गवतातून त्यांचा हात आत आला. पंजा पसरलेला.

"द्या किल्ली."

अंडी बाहेरच्या बाहेर काढता यावीत म्हणून मीच ते झाकण ठेवलं होतं! पण अंडी मी एकदाही काढली नव्हती, त्यामुळे ते साफ विसरून गेलो होतो.

"बाबा! म्हणजे तुम्हाला सुरुवातीपासून माहीत होतं?"

"रोज सकाळी मीच काढतो ना अंडी," गवतातून आवाज आला.

मी बाहेर आलो तेव्हा बायको दारात उभी होती. केसांत पीस, गालात कापूस, बगलेत हेडमास्तरीण. तिने आधी माझ्याकडे, मग बापाकडे, मग त्या खुर्चीकडे बघितलं. "काय चाललंय तुमचं दोघांचं?" तिने विचारलं.

"जरा बोलत बसलो होतो," सासरे म्हणाले.

ती आमच्याकडे बघत राहिली. मग कोंबडी माझ्या हातात देऊन ती घाईघाईने आत गेली. थोड्याच वेळात भांडी घासल्याचा आवाज आला.

सेन्सर मी काढून टाकला. आता संध्याकाळी दार सासरे हाताने लावतात, एकेकीला नावाने आत बोलावून. दिवसभर ते आवारात खुर्ची टाकून बसतात आणि हवालदार त्यांच्या पायाशी असतो, कारण डॉक्टरीणबाईंशी आता आमचं इतकं गूळपीठ आहे की त्या कुत्रा सकाळी आणून सोडतात. त्याला दात नाहीत, पण भुंकतो असा की ऐकणाऱ्याने दातांचा हिशोब मनात करून घ्यावा. कोल्हीण दिसते अधूनमधून, कुंपणापलीकडे, लांबूनच. कधीतरी ती पुन्हा एखादी नेईलही. सासरे तसं बोलूनही दाखवतात. आणि अधूनमधून ते फाटक उघडून वळणापर्यंत जाऊन येतात. तेवढा वेळ मी काही दुरुस्त करत नाही, बायको काही तपासत नाही. आम्ही दोघं उगाच आवारात काहीतरी शोधत असतो.

कडी मात्र मी त्याच संध्याकाळी बसवली. पितळी, भक्कम. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे टॉवेल घेऊन आत गेले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. बायको आणि मी बाहेर उभे. आतून पाणी पडल्याचा आवाज. मग गुणगुणणं. ते गुणगुणतात हे मला माहीतच नव्हतं! मग एकदम शांत.

"वाजवा ना दार," बायको कुजबुजली.

"तू वाजव. तुझे बाबा आहेत."

"शब्द तुम्ही दिलाय."

अजून शांतच. मी दाराला कान लावला. काही ऐकू येईना, म्हणून आणखी रेटून लावला. त्याच क्षणी आतून कडी निघाली, दार उघडलं, आणि मी दाराबरोबर आत गेलो, ओल्या फरशीवर, साबणावर, सपशेल आडवा! मोरीचा दगड माझ्या नडगीला असा लागला की डोळ्यांपुढे तारे चमकले.

सासरे टॉवेल गुंडाळून वाकले. "लागलं का हो, जावईबापू?"

पाय चांगलाच मुरगळला होता. अजून लंगडतोय मी. आणि बायकोने घरात नवा नियम केलाय. बाथरूमची कडी सगळ्यांनी खुशाल लावावी. फक्त मी सोडून!